चटक्याचं ऊन

होळी अजून पुढे आहे, पण आमच्या गल्लीत तो वास कालपासून सुरू झाला. गहू भिजत घातला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो तो आंबूस वास. नवख्या माणसाला तो अजिबात आवडत नाही. पाहुणे येतात, नाक मुरडतात, कुठे काही सांडलंय का म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात बघतात. मला मात्र तो वास आला की शाळेला सुट्टी लागल्यासारखं वाटतं. कुरोड्यांचे दिवस आले. गच्चीचे दिवस आले.

पण हा वास समोरच्या घरातून येतोय. आमच्या घरात यंदा अजून गहू भिजलेला नाही. पातेली पालथी आहेत, सोऱ्या माळ्यावर आहे आणि माई नाशिकला आहेत. माई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. दिवाळीनंतर नातवाला बघून येते म्हणून गेल्या, त्या अजून बघतच आहेत. जाताना स्टेशनवर मी विचारलं होतं, "माई, यंदाचा सीझन करायचा ना?" गाडी आली, पिशव्या आत गेल्या, माई खिडकीशी बसल्या आणि म्हणाल्या, "पाहू." आमच्या घरात या एका शब्दावर आजवर कोणी पुढचा प्रश्न विचारलेला नाही.

म्हणून मी सध्या समोरच्यांच्या गव्हाचा वास घेत मागचा उन्हाळा आठवत बसते. तो उन्हाळा होताच तसा.

नांदुऱ्यात स्टेशनच्या अलीकडे आमचं घर. गच्चीवर उभं राहिलं की एका बाजूला रेल्वेचे रूळ दिसतात, दुसऱ्या बाजूला कापसाच्या जिनिंगची पांढरी धूळ बसलेली झाडं. या गच्चीवर माई वर्षानुवर्षं उन्हाळी वाळवणाचा धंदा करतात. कुरोड्या, ज्वारीचे बिबडे, मूगवड्या, शेवया. आधी गल्लीपुरतं होतं. मग गल्लीतल्या मुली लग्न होऊन अकोल्याला, पुण्याला, मुंबईला गेल्या आणि तिथून फोन करायला लागल्या. गल्ली लांबवर पसरली म्हणा ना. शेवयांसाठी पलीकडच्या आळीतल्या नसीमआपा येतात. ईद झाली की त्यांचा हात आमच्यासाठी मोकळा. आपांच्या हातची शेवई इतकी बारीक की वाऱ्याच्या दिवशी गच्चीचं दार लावून घ्यावं लागतं.

त्याच्या आदल्या वर्षी मात्र सगळा घोळ झाला होता. ऑर्डरी कुठे होत्या म्हणाल, तर थोड्या माईंच्या डोक्यात, थोड्या माझ्या फोनमध्ये, थोड्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, आणि दोन-तीन तर निव्वळ नसीमआपांच्या कानावर घातलेल्या. खामगावच्या बाईंच्या कुरोड्या अकोल्याला गेल्या. अकोल्याच्या मूगवड्या कुठे गेल्या ते देवालाच ठाऊक. एक बाई आमच्या ओट्यावर बसून रडल्या, कारण मुलगी त्याच दिवशी परदेशी जायला निघाली होती आणि तिच्यासोबत द्यायचा डबा आमच्यामुळे रिकामा राहिला होता. त्या दिवशी माई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सोऱ्या धुता धुता म्हणाल्या, "शोभा, आता डोक्यात राह्यत नाई मह्या. पुढचा एक सीझन करू. नीट गेला तं गेला. नाई गेला तं हे सारं माळ्यावर अन मी पोराकडं नाशिकले."

मला धस्स झालं, आणि ते का झालं हे सरळच सांगते. माझा टायपिंगचा क्लास होता, स्टेशनरोडवर. खटखट आवाज करणाऱ्या त्या मशीनवर या गावच्या किती पोरी बोटं बसवून कोर्टात, तहसिलीत, बँकेत लागल्या. मग टायपिंग कोणी शिकेना, मशीन भंगारात गेल्या, खोलीत मोबाइलचं दुकान आलं. त्या वर्षी उन्हाळ्यात घरात बसून मी भिंतीशी बोलायला लागले होते. माईंनी हाताला धरून गच्चीवर नेलं आणि पुढ्यात चिकाची कढई ठेवली. ढवळ म्हणाल्या. तेव्हापासून मी ढवळतेय. गच्ची बंद झाली तर माझ्या वर्षातून उन्हाळाच निघून जाणार होता, आणि आमच्याकडे उन्हाळा काढला तर वर्षात उरतं काय.

पुण्याहून माझी लेक शलाका आली होती. तिने माझं रडगाणं ऐकून घेतलं आणि क्लासचा राहिलेला एकुलता एक कॉम्प्युटर पुसून माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, "आई, आता सॉफ्टवेअर करायला सॉफ्टवेअरवाला लागत नाही. हा एआय आहे. तुला काय पाहिजे ते याला मराठीत सांग. तो लिहील, चालवून दाखवेल, चुकलं तर तूच त्याला रागाव. रागवायला तर तुला येतंच." एवढं सांगून ती पुण्याला परत गेली. रागवायला येतं हे तिला अनुभवाने माहीत.

मी दुपारी, जेवणं झाल्यावर, पदर खोचून बसले. पहिलं वाक्य काय लिहावं ते सुचेना. क्लासमध्ये पोरींना अर्जाचा मायना शिकवायची सवय, म्हणून मी लिहिलं, "महोदय, आमचा कुरोड्या, बिबडे, मूगवड्या व शेवया यांचा घरगुती व्यवसाय असून ऑर्डरी नीट राहण्यासाठी काहीतरी करून मिळावे ही विनंती." त्याने तितक्याच अदबीने उत्तर दिलं. नमस्कार, आपल्या व्यवसायाविषयी जाणून आनंद झाला, वगैरे. आणि मग प्रश्न. गिऱ्हाईक ऑर्डर कशी देतं? पदार्थ नगावर जातो की वजनावर? माल घ्यायला माणूस येतं की गाडीने पाठवता? बिबडा म्हणजे पापडाचाच प्रकार का, आणि तो करायला किती वेळ लागतो?

मी हरखलेच. इतक्या वर्षांत आमच्या धंद्याबद्दल इतके प्रश्न कोणी विचारले नव्हते. लोक विचारतात ते एवढंच, की झालं का.

माई माझ्यामागे उभ्या राहून चष्म्यातून बघत होत्या. नसीमआपा जमिनीवर बसून सुपारी कातरत होत्या. मी वाचून दाखवायची आणि त्या दोघी उत्तरं द्यायच्या. थोड्या वेळाने आपा म्हणाल्या, "हा तं मुनीमजी झाला आपला. सवाल करून राह्यला, जवाब लिहून राह्यला." तेव्हापासून त्याचं नाव मुनीमजी पडलं. त्याला मी ते सांगितलंसुद्धा. आभार मानले त्याने.

चार-सहा दुपारींत खरोखरच काहीतरी उभं राहिलं. फोनवर उघडणारं एक पान. गिऱ्हाइकाने नाव घालायचं, काय हवं ते निवडायचं, आणि पान सांगणार की माल अमुक तारखेला तयार. आमच्याकडे दुसरं पान, त्यात सगळ्यांच्या ऑर्डरी ओळीने. मी एखादं वाक्य लिहायची आणि समोर बटण उगवायचं. आयुष्यभर मी दुसऱ्यांची पत्रं टाइप केली. जे टाइप केलं ते कागदावर तसंच्या तसं उमटायचं, त्यापुढे काही घडायचं नाही. इथे मी लिहिलं, "मूगवडी निवडली की तिखट कमी की जास्त ते विचार", आणि पान खरोखर तसं विचारायला लागलं. मी त्या दिवशी माझ्याच नावावर मूगवड्यांची ऑर्डर टाकली, तिखट जास्त, आणि एकटीच हसत बसले.

सीझन सुरू झाला. कढईत चीक शिजायला लागला, त्याचा तो बुडबुड आवाज, हिंगाचा वास, वाटीत गरम चीक घेऊन वर दूध-साखर घालून उभ्या उभ्या खाणं. सोऱ्या दाबताना दंडाला भरणारा गोळा. ओल्या धोतरावर थापलेला ताटाएवढा बिबडा, त्यातल्या लसणाचा आणि तिळाचा वास, आणि तो अर्धवट वाळला की कडेचा तुकडा तोडून खाण्याचा मोह. त्याला माई "चाखणं" म्हणतात. आम्ही सगळ्या बायका दिवसभर चाखत असतो.

आणि पहिल्याच आठवड्यात मुनीमजी तोंडावर आपटले.

पानाने मलकापूरच्या एका काकूंना सांगितलं होतं, कुरोड्या गुरुवारी तयार. बुधवारी आभाळ आलं. गुरुवारी काकू एसटीने आल्या, पिशवीची घडी उलगडून ओट्यावर उभ्या राहिल्या. वर कुरोड्या चिवट, दाबली तर बोटाला चिकटणाऱ्या. काकू तणतणत गेल्या. माईंनी नुसतं कॉम्प्युटरकडे बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं.

मी मुनीमजींना झापलं. चूक कबूल करण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. लगेच लिहिलं, आपलं बरोबर आहे, वाळवण्यासाठी लागणारे दिवस मी निश्चित धरले होते, ही माझी चूक. मग विचारलं, नेमके किती दिवस धरू?

मी वाचून दाखवलं तशा माई उसळल्या. "दिवसाचं काय घेऊन बसला तो? सांग त्याले, दिवस नाई, ऊन. कुरोडीले तीन उन्हं. बिबड्याले दोन. मंग ती दोन दिवसांत येवो का आठ दिवसांत येवो. उन्हाले कोनी तारीख इचारली का आजवर?"

मी ते जसंच्या तसं लिहिलं. थोड्या वेळाने उत्तर आलं, आणि त्या उत्तराने आमची अख्खी दुपार खाल्ली. मुनीमजींनी लिहिलं होतं, "समजलं. म्हणजे मोजायचं एकक दिवस नसून ऊन आहे. मी रचना बदलतो. पण मग दोन गोष्टी ठरवाव्या लागतील. अर्धवट ढगाळ दिवसाचं ऊन किती धरायचं? आणि एखाद्या दिवशी पुरेसं ऊन पडलं की नाही, हे कोण आणि कसं ठरवणार?"

बायका कढई सोडून गोळा झाल्या. पुरं ऊन म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच सांगता येत नव्हतं. एक म्हणाली, सावली काळी पडली पाहिजे. दुसरी म्हणाली, माठातलं पाणी दुपारी संपलं पाहिजे. माई म्हणाल्या, कावळा दिसला नाही पाहिजे. बराच वेळ गलका चालला. शेवटी नसीमआपांनी सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "अरे बाई, इतकं काऊन परेशान होऊन राह्यल्या? चप्पल काढून गच्चीवर पाय ठेवा. चटका बसला तं पुरं ऊन. उभं राह्यता आलं तं अर्धं. बसता आलं तं ऊनच नाई."

आम्ही आपापल्या पायांकडे बघितलं. मग सगळ्या एकदम हसलो, कारण ते अगदी तंतोतंत बरोबर होतं.

मुनीमजींनी मध्ये एक सुचवून बघितलं. इंटरनेटवरून जिल्ह्याच्या हवामानाची माहिती आपोआप घेता येईल, म्हणजे रोज कोणाला तपासावं लागणार नाही. मी वाचल्याबरोबर माई म्हणाल्या, "कुठलं हवामान? बुलढाण्याचं? बुलढाणा घाटावर हाय. तथी बायका दुपारी स्वेटर घालत असतीन. त्याले म्हणा, नांदुऱ्याचं ऊन नांदुऱ्यातच पाह्य." स्वेटर जरा जास्त झालं, पण मी तेही लिहून टाकलं. मुनीमजींनी हवामानाचा नाद सोडला आणि आमच्या पानावर तीन बटणं आणली. चटका, कोमट, थंड.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक नवाच विधी सुरू झाला. भर दुपारी माई जिन्यात चपला काढायच्या, पदर सावरायच्या आणि गच्चीवर एक पाऊल टाकायच्या. आम्ही खाली श्वास धरून. "चटका," वरून आवाज यायचा आणि मी बटण दाबायची. त्याबरोबर सगळ्या ऑर्डरींपुढचं एकेक ऊन पुरं व्हायचं, आणि गिऱ्हाइकांच्या फोनवर जायचं, तुमच्या कुरोड्यांना आज दुसरं ऊन मिळालं. लोकांना याचं इतकं कौतुक वाटलं की पुण्यामुंबईच्या मुली उलट फोन करून विचारायच्या, मावशी, आज पाय भाजला का? ऑफिसात थंडगार खोलीत बसून त्या आमच्या गच्चीच्या उन्हाची चौकशी करायच्या. मला वाटतं त्यांना कुरोडीपेक्षा ते ऊनच पाहिजे होतं.

याच दिवसांत यादीत एक नवं नाव दिसलं. अनघा सबनीस, कोथरूड, पुणे. बिबडे, लसूण जास्त. मला वाटलं शलाकाने तिकडे कोणाला तरी सांगितलं असेल. माईंना सांगितलं तर त्या एकदम सावध झाल्या. "पुण्याची बाई. नावं ठेवीन." मग अनघाबाईंचे बिबडे माईंनी स्वतः थापले. लसूण दुप्पट, तीळ निवडून घेतलेले, कड एकसारखी. एकाही बिबड्याचा तुकडा कोणाला चाखू दिला नाही. दोन कडक उन्हं दाखवून, पुडा बांधून, वर नाव लिहून फडताळात ठेवला. अनघाबाई येईनात. माणूसही पाठवेनात. मी म्हटलं, येतील सवडीने. माई अधूनमधून फडताळ उघडून पुडा बघून यायच्या. "एवढी मोठी ऑर्डर देऊन बाई येत काऊन नाई?" म्हणायच्या. तुटला असेल का एखादा म्हणून काळजी करायच्या. एकदा मी त्यांना त्या पुड्यावर हात फिरवताना बघितलं.

वैशाखात मोताळ्याकडच्या एका बाईंची ऑर्डर होती, मुलीच्या लग्नातल्या रुखवताची. लग्नात मुलीकडचे कौतुकाने जे मांडतात ते. गुलाबी आणि हिरव्या कुरोड्या, मोठाले बिबडे, शेवयांचे गुच्छ. मुलीची आई स्वतः येऊन माईंचे हात धरून गेली होती. तिला सासरी स्वतःच्या लग्नातल्या रुखवतावरून फार ऐकावं लागलं होतं, म्हणून लेकीचं सगळं पहिल्या नजरेत भरावं असं तिच्या मनात होतं. माईंनी शब्द दिला होता. आणि सगळ्यांना ठाऊक होतं की सीझनचा निकाल या एका ऑर्डरीवर लागणार. माईंनी तसं बोलून दाखवलं नाही, पण माळ्यावरची जागा त्यांनी आधीच झाडून ठेवली होती.

आभाळ आलं. वैशाखात येतं तसं, वाऱ्यासकट, मातीचा वास घेऊन. माईंनी गच्चीवर पाऊल टाकलं आणि आवाज आला, "कोमट." दुसऱ्या दिवशीही कोमट. खाली मी बटण दाबलं तशी रुखवताची ओळ लाल झाली. मुनीमजींनी लिहिलं होतं, ऊन असंच राहिलं तर लग्नाच्या दिवशी कुरोड्यांना एक ऊन कमी पडेल आणि बिबडे पूर्ण होणार नाहीत. अजून हातात वेळ आहे. काही पर्याय आहे का?

आदल्या वर्षी हे आम्हाला लग्नाच्या दिवशीच कळलं असतं. तेव्हा आम्ही ओट्यावर उभ्या राहून एकमेकींकडे बघितलं असतं. या वेळी हातात दिवस होते. नसीमआपा उठल्या. "मह्या घरावर टीन हाय. आभाळ असलं तरी टीन तापते. कुरोड्या तथी न्या." मग ओल्या कुरोड्यांच्या बाजा उचलून आमची वरात भर गल्लीतून निघाली. गुलाबी कुरोड्या पुढे, हिरव्या मागे, कुत्री सोबत. मी मुनीमजींना टिनाचं सांगितलं. त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "नसीमआपांच्या टिनावरचं कोमट ऊन गच्चीच्या पुऱ्या उन्हाइतकं धरावं का?" आपांनी टिनावर तळहात ठेवून होकार दिला. हाताला फोड यायचीच बाकी होती, पण आपांचा चेहरा अभिमानाने फुलला होता.

कुरोड्या निभावल्या. बिबडे मात्र टिनावर तडकतात, त्यांना गच्चीचंच ऊन लागतं. ते कमीच पडत होते. मी फडताळाकडे बघितलं. माईंनी मी बघताना बघितलं.

"नाई," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकाचा माल हाय तो. एकीचं सोडून दुसरीले द्यायचं हे मागल्या साली झालं. आता नाई."

"माई, आपण विचारू तरी. नंतर दुसरे करून देऊ म्हणून सांगू."

मी अनघाबाईंच्या ऑर्डरीवरचा नंबर लावला. असा नंबर अस्तित्वात नाही म्हणून ऐकू आलं. पुन्हा लावला. तेच. शेवटी मी मुनीमजींना लिहिलं, अनघा सबनीस यांचा नंबर चुकीचा दिसतो, बघून सांगा. माई मागे उभ्या. नेहमीसारखं लगेच उत्तर आलं, आणि मी ते मोठ्याने वाचायला लागले.

"क्षमस्व. ही माझी चूक आहे. पान नीट चालतं की नाही हे तपासण्यासाठी मी एक काल्पनिक ऑर्डर टाकली होती. तपासणी झाल्यावर ती काढून टाकायला हवी होती, ती खऱ्या यादीत राहिली. अनघा सबनीस नावाची कोणी ग्राहक नाही. ही नोंद आता काढून टाकू का?"

 माई हळूहळू खुर्चीवर टेकल्या.

"म्हंजे बाई नाईच?"

"नाही माई."

"कोथरूडबी नाई?"

"कोथरूड आहे. बाई नाही."

"म्या तिच्यासाठी लसूण सोलला वं," माई म्हणाल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. मी उठले, तर त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी, हाताने पोट धरलेलं, शब्द फुटत नव्हता. नसीमआपांना कळायला जरा वेळ लागला आणि कळल्यावर त्या जमिनीवरच आडव्या झाल्या. "पुण्याची बाई," माईंना मधूनच आठवायचं आणि पुन्हा सुरू. इतक्या वर्षांत माईंना मी असं हसताना बघितलं नव्हतं. मलाही हसू आवरेना, आणि त्या हसण्यात कुठेतरी मला फार बरं वाटत होतं, की काही झालं तरी हा उन्हाळा आमचा झाला.

हसू ओसरलं तशा माई उठल्या, फडताळातून पुडा काढला, दोरी सोडली. एकही बिबडा तुटला नव्हता. रुखवताला ते पुरून उरले. मोताळ्याच्या बाईंनी मांडवातून फोटो पाठवला. सगळ्यात पुढे अनघाबाईंचे बिबडे, कड एकसारखी, आणि मागे नवरी हळदीच्या अंगाने हसत उभी. माईंनी फोटो मोठा करून आधी बिबडे बघितले, मग नवरीला.

मुनीमजी बिचारे अजून उत्तराची वाट बघत होते. नोंद काढून टाकू का? मी माईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "काढू नको म्हणा. राहू दे. अशी एक बाई पाहिजे यादीत, जिले कधी घाई नसते." मी तसं लिहिलं. मुनीमजींनी लिहिलं, उत्तम कल्पना, याला राखीव साठा असं नाव देऊ का? माईंनी ठामपणे सांगितलं, नाव आहे तेच राहील.

सीझन पार पडला. शेवटच्या ऑर्डरीपर्यंत कोणाचं कोणाकडे गेलं नाही. पण माईंनी सोऱ्या धुतला, पुसला आणि माळ्यावर ठेवला तो ठेवलाच. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत आणि मी काही विचारलं नाही. मग पावसाळा, दिवाळी, नाशिक आणि ते "पाहू".

हे सगळं मी आज दुपारी लिहायला बसले ते समोरच्यांच्या गव्हाच्या वासाने. लिहिता लिहिता फोन वाजला. बघते तर आमच्या पानावर ऑर्डर. सीझन सुरू नाही, कोणाला कळवलेलं नाही, आणि यादीत एकच नाव. अनघा सबनीस.

माझं डोकंच फिरलं. एवढं होऊन पुन्हा तेच. मी कॉम्प्युटर लावला आणि मुनीमजींना चांगलं खडसावलं, तपासणीची ऑर्डर परत खऱ्या यादीत का टाकली म्हणून. त्यांनी शांतपणे बघून सांगितलं, "ही ऑर्डर मी टाकलेली नाही. ती आज बाहेरच्या एका फोनवरून आली आहे. पत्त्याच्या जागी नाशिक लिहिलं आहे. खाली एक टीपही आहे, ती आपण वाचली का?"

मी वाचली नव्हती. माईंनी आजवर त्या पानाला बोट लावलं नव्हतं. बटण दाबायलासुद्धा त्या मला खाली बसवायच्या. टिपेत कुठे पूर्णविराम नव्हता, दोन ठिकाणी अक्षरं उलटीपालटी झाली होती, आणि माझ्या क्लासमध्ये एवढ्या चुकांना मी कोणालाही पास केलं नसतं.

"बिबडे लसूण जास्त घाई नाई ऊन पडंन तवा गहू भिजू घाल इतवारी येऊन राह्यली"

मी ती तीनदा वाचली. मग उठले. पातेलं सरळ केलं, गहू घेतला, दोन पाण्यांनी धुतला आणि पाण्यात सोडला. हात पुसले. जिन्यात चपला काढल्या आणि गच्चीवर एक पाऊल टाकलं.

चटका बसला.